दोन मिनिटं बाहेर

सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटाचा नियम साधा होता: तलफ आली की जोडीदाराला फोन करायचा आणि त्याने 'हो' म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. सुपरवायझरसाहेबांच्या वाट्याला आली एक शिंपीणताई. दिवसातून दहादा ते काकुळतीला येऊन विचारायचे, "ताई, दोन मिनिटं बाहेर जाऊ?" आणि शिलाई मशीन न थांबवता ताई म्हणायची, "नाही. बसा गप."

महिना निभावला तशी साहेबांची छाती फुगली. "सुटली हो ताई, तुमच्यामुळे! आता फोन बंद करू ना?"

पलीकडचं मशीन पहिल्यांदाच थांबलं.


"तुमच्या कारखान्यात बाथरूमला जायला मी चार वर्षं असंच विचारत होते, साहेब. तुमची अजून तीन वर्षं अकरा महिने बाकी आहेत."