पुसायचं राहिलेलं वर्तुळ

लेकीच्या नव्या प्रोग्रॅममुळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर पारदर्शक काच ठेवल्यासारखं, उघडलेल्या कशावरही चित्र काढता येई. नेरकर मास्तरांनी चाचणीसाठी शाळेचा जुना फोटो उघडून गेल्या महिन्यात वारलेल्या वर्गमित्राच्या, मधूच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलं. फोटो बंद केला, तरी वर्तुळ पडद्यावर तसंच.

“बाबा, पुसायची सोय अजून करायचीय,” लेक म्हणाली.

तेवढ्यात त्याच वर्गातल्या गजाचा व्हिडिओ कॉल आला. उद्या त्याची बायपास होती. त्याचा चेहरा नेमका वर्तुळात बसला.

“तोंड का पडलंय, मास्तर? ऑपरेशन माझं आहे, तुझं नव्हे!”

मास्तरांनी माउसनं कॉलची खिडकी हळूहळू ओढली. कोपऱ्यातला त्यांचा स्वतःचा छोटा चेहरा वर्तुळाखाली आल्यावरच हात थांबला.

“जा आता बिनघोर,” ते म्हणाले.

कुणीही हात लावला नव्हता, तरी वर्तुळ आक्रसून त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचं झालं.