चिमट्यावरची जागा

खंडेनवमी. ऐरणीला हळदकुंकू, घणाला अन् कुदळीला झेंडूच्या माळा. भाता गप्प.

सायकल दारात आली.

"आज हत्याराला हात न्हाई लावीत," गहिनीनाथ लोहार ओट्यावरूनच म्हणाला. "उद्या या, शिलंगण झाल्यावर."

तहसिलीतला शिपाई शहादेव साहेबांची सायकल धरून उभा होता. पाठीला धोतरानं बांधलेली पोर, शिवकन्या. तिचा श्वास बाहेरूनही ऐकू येत होता.

"उद्यापत्तोर निघायची न्हाई ही. मानमोडीचा ताप हाय. नगरला डागदर हाय म्हणत्यात."

"मग गाडी जुपा की."

"कोण जुपील? गावात उभा माणूस दिसतो का तुला? पाठीवर बांधली तर कळतबी न्हाई, जीव हाय का गेला. पुढचं चाक धरणाऱ्या या चिमट्यावर जागा करून दे, गहिनीनाथा. डोळ्यासमोर राहील."

"वेशीपल्याडच्या लोहाराकडं जावा."

"त्यो परवाच गेला."

गहिनीनाथ घणाकडे बघत राहिला. आष्टीत घरटी माणूस उचललं जात होतं आणि त्याच्या घरात अजून साधी शिंक नव्हती. माळ काढली अन् साथ आत शिरली तर?

"उद्या," तो म्हणाला.

शहादेव हलला नाही. पोरीला लिंबाखाली निजवून तिच्याशेजारी बसला. ऊन ओट्यावर चढलं. पोर खोकत होती. मग नुसती कण्हायला लागली.

चतुराबाई, गहिनीनाथची बायको, दारातून बाहेर आली. या घरात घण तीच मारायची. तिनं घणावरची माळ काढून बाजूला ठेवली.

"अगं, देव—"

"देवाला मी सांगते. तुमी भाता वढा."

पट्टी तापली. घण.

पट्टी वाकली. घण.

चाकाच्या दोन्ही अंगांना पट्ट्या, वर पत्रा. हँडल फिरवलं. फिरेना. बैलगाडीचं चाक कधी डावी-उजवीकडे वळत नसतं. जन्मभराच्या सवयीनं गहिनीनाथनं एक पट्टी चिमट्याऐवजी सायकलच्या मधल्या दांडीला जखडली होती.

परत सोड. परत ताप. परत घण.

मग हँडल वळलं. चाक वळलं. पत्राही वळला.

"आणा पोरीला," गहिनीनाथ म्हणाला.

शहादेव लिंबाखाली वाकला. वाकलेलाच राहिला. मग त्यानं धोतर पोरीच्या तोंडावरून ओढलं, तिला उचलून आणलं, पत्र्यावर ठेवलं. दोरीनं बांधलं. काचू नये इतकं हळू.

चतुराबाईनं घण खाली टेकवला.

नगरची वाट उजवीकडे होती. शहादेवनं सायकलचं तोंड ओढ्याकडे फिरवलं. चाकाबरोबर पोरही फिरली.

"कुदळ लागंल," तो म्हणाला.

गहिनीनाथ उठला. पूजेतली कुदळ त्यानं स्वतःच्या हातानं उचलली आणि माळेसकट पोरीशेजारी बांधली.