नोंदीतला चेहरा

“चेहरा जुळत नाही,” फोन पुन्हा म्हणाला.

पोषण केंद्रातल्या सेविकेने कॅमेऱ्याची काच बाहीला पुसली आणि समोरच्या बाईला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. “हनुवटी वर घे. सरळ बघ. आता पापण्या मिटून उघड.”

बाईने सांगितलं तसं केलं. तिची लहानगी मुलगी टेबलाशेजारी फरशीवर बसून एका रिकाम्या खोक्याशी खेळत होती.

“चेहरा जुळत नाही.”

“आमच्या ह्यांना इतक्या वर्षांत माझा चेहरा लक्षात राहिला नाही,” रांगेतली एक जण म्हणाली, “त्या बिचाऱ्या फोनला कशाला बोल लावायचा!”

रांग हसली. खिडकीपाशी उभी असलेली बाईही हसली. सेविका मात्र हसली नाही.

“मागच्या महिन्यात तुला पिठाची पाकिटं तशीच दिली, तर मला वरून नोटीस आली. किती चेहरे जुळले आणि किती पाकिटं गेली, ते त्यांना तिकडे बसल्या बसल्या दिसतं आता.”

“ताई, ही त्या पिठावरच आहे. दुसरं काही पोटात ठरत नाही तिच्या.”

सेविकेला ते ठाऊक होतं. सकाळी तिनेच मुलीचं वजन केलं होतं. तक्त्यावरच्या लाल पट्ट्यातून पोर नुकती कुठे बाहेर आली होती.

“मग फोटो नव्याने नोंदवू. तुझ्या नंबरावर आकडे येतील, तेवढे वाचून दाखव.”

“नंबर ह्यांचा आहे.”

“मग विचार त्यांना फोन करून.”

बाईने नकारार्थी मान हलवली.

“बरं, नंबरच बदलू.”

“बदलायचा म्हटला तरी आकडे जुन्याच नंबरावर जातात. आमच्या शिलाई कारखान्यातल्या मुलीने बघून सांगितलं.” बाईने आवाज खाली आणला. “आकड्यांबरोबर केंद्राचं नावही जातं, ताई. पत्त्यासकट. मी कुठे आहे ते ह्यांना माहीत नाही. माहीत होऊ द्यायचं नाही.”

सेविकेने फोनवर तिची जुनी नोंद उघडली. फोटोतल्या बाईचा डावा डोळा जवळजवळ मिटलेला होता. त्याच बाजूचा गाल वर आला होता आणि खालचा ओठ जड होऊन एकीकडे झुकला होता.

“अगं, ही तू? दाढ सुजली होती की काय तेव्हा?”

“दाढ नव्हती.”

सेविकेने फोन छातीशी धरला. मग रांगेकडे वळून म्हणाली, “जरा बाहेर थांबा गं सगळ्या. गर्दीत रेंज येत नाही.”

“रेंजला काय आमचा वास येतो?” कुणीतरी पुटपुटलं, पण सगळ्या बाहेर गेल्या. सेविकेने दार लोटून घेतलं.

“फोटो काढताना जुन्या केंद्रातल्या बाईंनी काही विचारलं नाही?”

“विचारलं ना. म्हणाल्या, चष्मा असेल तर काढ.”

पाकिटं टेबलावर होती, हाताच्या अंतरावर.

“मी साहेबांशी बोलून बघते,” सेविका म्हणाली. “अर्ज करू आपण.”

“अर्ज केला की चौकशी जुन्या केंद्राकडे जाणार. तिथून कुणीतरी घरी जाणार विचारायला.” बाईने हात पुढे केला. “तो फोटो दाखवा परत.”

तिने तो नीट पाहिला. मग जिभेने आतून डावा गाल फुगवला. त्या बाजूची पापणी खाली ओढली. ओठ बाहेर काढून थोडा कलता केला, फोटोकडे पाहिलं आणि अजून थोडा कलता केला.

“धरा, ताई.”

“राहू दे गं. असं नको.”

“धरा ना.” फुगवलेल्या गालामुळे शब्द जड निघाले.

सेविकेने फोन वर केला. हात हलू नये म्हणून कोपर टेबलावर टेकवलं. “मिट,” ती हळू म्हणाली. बाईचा चांगला डोळा मिटला आणि उघडला.

फोनवर हिरवी खूण आली. “ओळख पटली.”

खोक्याशी खेळता खेळता मुलीने वर, आईकडे पाहिलं. ती उठली. रडली नाही. टेबलाखाली शिरून भिंतीला पाठ लावून बसली आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.