इल्ला

“आत्ता कुठलं बटण दाबलीस?” मारुतीरावांनी विचारलं.

“‘इल्ला’चं, आप्पा. ट्रॅक्टर नाही म्हणालात ना?”

मारुतीरावांनी खुर्ची आणखी पुढं ओढली. कर्नाटक सरकारच्या जातवार सर्व्हेला आलेल्या पारमिताच्या मोबाईलवर सगळं कन्नडात होतं. आणि बेळगावच्या प्रत्येक मराठी मोर्चाला जाऊन आलेल्या मारुतीरावांनी हट्टानं कन्नडचं एक अक्षर शिकून घेतलं नव्हतं. आता घराची सगळी कुंडली या पोरीच्या अंगठ्याखाली होती आणि अंगठा कुठं पडतोय ते त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यावर त्यांनी शक्कल काढली होती. पहिल्याच प्रश्नाला ‘इल्ला’ कुठलं ते तिला बोट ठेवून दाखवायला लावलं, अक्षरांचं वळण डोक्यात बसवलं आणि तेव्हापासून ‘न्हाय’ म्हणायचं सोडून तेही ‘इल्ला’च म्हणू लागले. म्हणजे आपण म्हणतो तेच ती दाबते की नाही, ते ताडून बघता येत होतं. जन्मभर नको असलेली कन्नड खोटं बोलायला मात्र त्यांना चालली.

अर्थात, याला खोटं म्हणायला ते तयार नव्हते. देवळातल्या बैठकीत ठरलंच होतं तसं. जात मराठा, मातृभाषा मराठी, हे ठासून सांगायचं. बाकीचं हात राखून. सगळ्या जातींची तुलना होणार, कोण वर आणि कोण खाली ते ठरणार. वर दिसलो तर सवलत जाणार आणि नातीच्या डॉक्टरकीवर पाणी. सौम्याची जागा गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. पोरगी दोन महिने धड जेवली नव्हती, आणि ते मारुतीरावांना बघवलं नव्हतं. म्हणून सकाळीच ट्रॅक्टर शेजारच्या भावकूच्या परड्यात गेला आणि वॉशिंग मशीनवर घोंगडं पडलं.

पण त्यांची खरी धास्ती वेगळीच होती. पारमिता ही देवाप्पाची नात. देवाप्पा गावाबाहेरच्या वस्तीतला, बारा वर्षं याच घरी गडी होता. मारुतीरावांचे वडील त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून वरून भाकरी टाकायचे. त्याचा पोरगा यशपाल शिकला, बँकेत लागला, बेळगावात दोन मजले चढवले. आता नात शिक्षिका होऊन याच घरात सोफ्यावर बसली होती. उट्टं काढायला यापेक्षा बरी वेळ कुठली? नुसत्या अंगठ्याचं काम.

“शेती?”

“दोन एकर. कोरडवाहू.”

शेती अकरा एकर होती आणि त्यातल्या सात एकरांत ऊस उभा होता. सोफ्यावरून तो दिसतही होता. पारमितानं तिकडं न बघता दोनचा आकडा घातला. मारुतीरावांना त्याचाही संशय आला. इतक्या मुकाट्यानं कोण लिहून घेतं?

त्यांची बायको मालुबाई पाणी घेऊन आल्या. तांब्याला बाहेरून घाम सुटला होता. पारमितानं ते गार पाणी पोटभर प्यायलं आणि विचारलं, “फ्रीज?”

“इल्ला.”

मालुबाईंनी तांब्या हळूच पदराआड केला.

“वॉशिंग मशीन?”

“इल्ला.”

“चारचाकी?”

“इल्ला.”

“मराठीशिवाय दुसरी भाषा येते?”

“इल्ला.”

पारमितानं ओठ दाबून धरले आणि तेही भरलं.

“झालं, आप्पा. तुमच्या मोबाईलवर नंबर आला असेल, तेवढा सांगा. तो घातला की माहिती जाते. मग बदलता येत नाही.”

नंबर आला होता. मारुतीरावांनी मोबाईल मांडीवर पालथा घातला. सगळं त्यांना हवं तसं झालं होतं, आणि तेच त्यांना पटत नव्हतं.

“तुमच्या घरचं काय लिवलीस?”

“आहे ते. दोन मजले, गाडी, फ्रीज, बाबांची नोकरी, माझी नोकरी.”

“समदं?”

“आजोबा शेजारीच बसलेले. मिक्सर बी लिव म्हणाले. मिक्सरचा रकाना नाही म्हटल्यावर माझ्यावरच रागावले.”

मारुतीरावांना हे खरं वाटेना. आपल्या हातानं आपली सवलत घालवायला निघालेला माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता. म्हणजे डाव दुसरीकडंच कुठं तरी होता.

“आनि आमचं? या घरी जानार म्हटल्यावर कायतरी सांगून धाडलाच असंल की तुझा आज्जा.”

पारमिता घुटमळली. “सांगितलंय.”

“व्हय. मला ठावं हुतं. बोल.”

“मारुतीरावांचा एक पत्रा बी सोडू नगंस, म्हणाले.”

मारुतीरावांनी मालुबाईंकडं बघितलं. सकाळपासूनचा संशय खरा ठरल्याचं त्यांना बरंच वाटलं.

“का म्हनं?” मालुबाईंनी विचारलं.

पारमितानं आजोबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

“‘त्यांच्या बांधावरनं आपण चालाय लागलो. त्यांचं घर म्हंजे आपला मैलाचा दगड. त्योच खोटा लिवलीस, तर आपण किती लांब आलो त्ये कुनाला कळंल?’”