कोरी बट

“ही बट काळी करा. मग संमतीचा शिक्का मारते,” किकुए म्हणाली आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

कागदावर तिच्या नवऱ्याच्या, इवाकुराच्या, कथेतला खुनी उभा होता, रंगीत. पन्नास वर्षांपूर्वी त्या चित्रकथेत जन्मलेला तो तलवारवाला आता ॲनिमे मालिकेत चालणार, बोलणार आणि माणसं कापणार होता. रक्त आता लाल दिसणार होतं. कपाळावरची एक बट मात्र तशीच पांढरी.

समोर बसलेली आरिमोतो त्या मालिकेची दिग्दर्शिका. वय तिशीचं, डोळे जागरणाने सुजलेले. तिचा चहा हातातच राहिला.

“काकू, लोक त्याला त्या बटेवरून ओळखतात. ती गेली तर मला रस्त्यात धरून मारतील.”

“मारू देत. त्याच्या कथेत जिवंत वाचलंय कोण?”

सून रित्सुको तोंडावर हात धरून आत निघून गेली. किकुएला हसू आलं नाही.

लोकांना काय ठाऊक? ती बट म्हणजे कुणाची कल्पना नव्हती, तिची चूक होती. इवाकुरा नवखा होता तेव्हा मदतनीस कुठला परवडणार? तो चित्रं काढायचा, जिथे काळं भरायचं तिथे निळ्या पेन्सिलीने फुली मारायचा, आणि ती जेवणाच्या टेबलावर बसून ब्रशने शाई भरायची. निळं छपाईत उमटत नाही, म्हणून निळी पेन्सिल. त्या कथेत रक्तही काळंच. शेजारच्या बायका मुळा किसायच्या तेव्हा ही पाठीला पोर बांधून मुडदे रंगवायची. शाळा अर्धी टाकलेली बाई, पण रेषेबाहेर शाई कधी गेली नाही.

पहिल्याच भागात एक फुली सुटली. पोराला ताप होता, तिचं लक्ष उडालं होतं. खुन्याच्या कपाळावरची बट कोरी राहिली आणि तशीच साप्ताहिकात छापून आली. इवाकुराने अंक पाहिला, बाजूला ठेवला, शब्द काढला नाही. पुढच्या सोमवारी दोन मदतनीस दारात बूट काढत होते.

“तू नको आता,” तो तिला म्हणाला आणि आपल्या कामाच्या खोलीचं दार सरकवून लावलं. त्यानंतर ती त्या खोलीत गेली ती चहाचा ट्रे घेऊन, तोही उंबऱ्यापर्यंतच.

पुढच्या अंकात बट पुन्हा पांढरी. त्याच्या पुढच्या अंकातही. एकेचाळीस वर्षं, दर आठवड्याला. पोरं केसांची एक बट पांढरी करून हिंडायला लागली, तशी ही बाजारातून मान खाली घालून यायला लागली. चूक डोळ्यासमोर नाचवायची ही त्याची रीत, असं तिने धरलं होतं. बोलून दाखवणारा माणूस तो नव्हताच. घरात त्याचे शब्द तीन. जेवण, अंघोळ, झोप. तिला हाक मारायची तर “ए.” ती म्हणायची, “आले.” लग्न जुळवणाऱ्या बाईच्या घरी त्याने एकदा तिचं नाव घेतलं होतं, ते पहिलं आणि शेवटचं. दवाखान्यात ती उशाशी बसून राहिली, आता तरी घेईल म्हणून. त्याने पाणी मागितलं.

त्यालाही आता नऊ वर्षं झाली. रोज सकाळी फोटोपुढे भाताची वाटी ठेवल्यावर ती उगाच थोडी थांबायची. मग स्वतःवरच चिडून उठायची.

“चूक माझी होती,” ती आरिमोतोला म्हणाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे कबूल करायला काय पडलं ते तिचं तिला ठाऊक. “त्याने ती जगाला दाखवली. आता मी जायच्या आधी तुम्ही भरून टाका.”

आरिमोतोने हातातला कप खाली ठेवला. “काकू, तुम्ही मूळ पानं पाहिलीच नाहीत?”

“कशी पाहणार? त्या खोलीतून निघाली ती थेट प्रकाशकाच्या तिजोरीत.”

आरिमोतोने पिशवीतून चपटी पेटी काढली. “रंग ठरवायला मी मागवून घेतली होती. हे पहिल्या भागाचं.”

किकुएने चष्मा लावला. पान पिवळं पडलं होतं. शाई तिचीच. बटेत फुली होती, फिकट निळी. म्हणजे सुटली होती, हे खरं. पण त्या फुलीवर त्याच पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली होती आणि शेजारी त्याचं अक्षर होतं. राहू दे.

छापायला देण्याआधीच त्याने पाहिलं होतं. शाईची बाटली तेव्हा त्याच्या हाताशी होती.

“हे दुसऱ्या भागाचं,” आरिमोतो म्हणाली.

इथे शाई परक्या हातांची. परक्या हातांना सांगावं लागतं, कुठली जागा कोरी सोडायची. बटेत फुली नव्हती. तीन अक्षरं होती.

“रंगवणारे सगळे त्या बटेला त्याच नावाने ओळखतात,” आरिमोतो हळूच म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

किकुएने पुढचं पान ओढलं. मग त्याच्या पुढचं. खुनी पुलावर, खुनी बर्फात, खुनी मुडद्यांच्या राशीवर. एका पानावर सात वेळा खुनी, सात वेळा ती अक्षरं. शेवटचा भाग त्याने दवाखान्यातून काढला होता. तिथे अक्षरं तिरकी झाली होती, पण एकही बट सुटली नव्हती.

रित्सुकोने आतून विचारलं, चहा आणखी टाकू का. शिक्का टेबलावर तसाच पडून होता.

ती बोट ठेवून वाचत राहिली. किकुए. किकुए. किकुए.

“आले,” ती म्हणाली.