आईचा गुडघा

विश्वासने पिंप आडवं केलं आणि गुडघे जमिनीवर ओतले. राखेने काळवंडलेले, कोबाल्टचे. हे सगळे कधीकाळी कुणाचे तरी होते, हे एरवी त्याच्या मनातही येत नसे.

परदेशातल्या टिलबर्ग शहरातल्या त्या शेडमध्ये आसपासच्या दहनगृहांतला धातू जमा व्हायचा. राखेतून निघालेले खुबे, गुडघे, स्क्रू. तिथून भट्टीत, भट्टीतून कारखान्यांत. ही साखळी विश्वासनेच उभी केलेली. खाणी बंद पडतात, जहाजं अडकतात, पण आपला पुरवठा कधी थांबणार नाही, असं तो मीटिंगमध्ये हसत सांगायचा. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

बाबांसोबत त्याच्याकडे राहायला आलेली आई मागच्या महिन्यात झोपेतच गेली. दहनगृहातल्या बाईने विचारलं, धातू निघाला तर पुन्हा वापरायला द्यायचा ना? सवयीने तो हो म्हणून गेला.

तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भरदुपारी शेडमध्ये एकटा असला, की मागून कुणीतरी पाय ओढत चालायचं. वळून पाहावं तर कुणी नाही. आई तशीच चालायची. नवा गुडघा बसवूनही जिना उतरताना कठडा घट्ट धरायची.

"अजून दुखतोय का गं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"होईल रे सवय."

ऑपरेशनच्या वेळी त्याला सांगलीला जाता आलं नव्हतं. नेमका तेव्हाच मोठा करार व्हायचा होता. पण सर्जन, खोली, उत्तम बनावटीचा गुडघा, सगळी व्यवस्था त्याने इथूनच लावली होती. झालं म्हणून आईचा फोन आला, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता.

उद्या बाबा अस्थी घेऊन सांगलीला निघणार होते. आई कृष्णेत जाईल ती अर्धीच, या विचाराने त्याला घास गिळवत नव्हता. त्याने एकेक गुडघा उलटून पाहिला. आईच्या गुडघ्याच्या बनावटीचा एकही निघाला नाही.

तसाच काळ्या हातांनी तो घरी आला. बाबा अस्थींचा डबा पंच्यात बांधत होते.

"बाबा, मला माफ करा. आईचा गुडघा सापडला नाही. वितळला असणार, माझ्याच भट्टीत. मीच हो म्हणालो होतो."

बाबांचे हात थांबले.

"कुठला गुडघा?"

"ऑपरेशनचा."

बाबांनी त्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"सांगू नका म्हणाली होती," ते म्हणाले. "ऑपरेशन झालंच नाही, विश्वास. तुला काळजी नको म्हणून झालं म्हणाली. तारीख मात्र पुढे ढकलत राहिली, तू कधीतरी येशील, तेव्हा करू म्हणून."