बाईंचं शुद्धलेखन

उत्तरेकडच्या डोंगरपट्ट्यातून निवडून आलेल्या बाई मूळच्या शिक्षिका. विधेयक कुठलंही असो, त्यांची लाल पेन्सिल त्यावरून फिरायचीच. शाळांच्या विधेयकात ‘वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेली शाळा बंद करता येईल’ असं होतं. बाईंनी शेवट खोडून ‘बंद होईल’ केलं. “कायद्यानं कसं ठाम बोलावं,” म्हणाल्या, आणि सभागृहानं बाकं वाजवली. आज बंद होणाऱ्या शाळांची यादी आली. त्यात बाईंचीच जुनी शाळा होती, मुलं एकोणीस. “एकच पोर कमी आहे, एवढी वगळा,” त्यांनी सचिवांना विनवलं. “वगळली असती, बाई. पण ‘करता येईल’ तुम्हीच खोडलंत. आता माझेही हात बांधलेत.” यादीखाली तिथल्या मुलांचं पत्र होतं: ‘बाई, आमची शाळा खरंच बंद होइल का?’ बाईंनी सवयीनं पेन्सिल उचलली, चुकीचा शब्द खोडला आणि वर शुद्ध लिहिलं: ‘होईल’.